वसरी आणि राजांगण असलेल्या जुन्या घरापुढे कशी बाग शोभेल?

प्रश्न (फोंडा तालुका, गोवा)

सर्वांना सविनय नमस्कार. आमचे वडिलोपार्जित घर आम्ही गेल्या वर्षी दुरुस्त करून घेतले. भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या), छप्पर मंगळुरी कौलांचे, पुढे लांब वसरी (ओसरी) आणि आत राजांगणात, म्हणजे मधल्या उघड्या चौकात, तुळशीवृंदावन, असे ते घर आहे. पुढच्या अंगणासाठी एका कंत्राटदाराने हिरवळ, दुतर्फा रॉयल पाम, पांढरे गोटे आणि दारापर्यंत पेव्हरची वाट असा आराखडा दिला आहे. कागदावर तो देखणा आहे, परंतु वसरीवर बसून ते चित्र डोळ्यांपुढे आणले की घर परक्याचे वाटू लागते. सासूबाईंना सारवलेले अंगण हवे आहे, तर मुलांना खेळायला हिरवळ. घराच्या घडणीला साजेशी बाग कशी आखावी, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर (माशेल)

ताई, तुम्हाला जे खटकले ते योग्यच आहे. राजांगणाचे घर आतल्या बाजूला तोंड करून बसलेले असते. त्याचा उजेड, वारा आणि देवपूजेची फुले आतल्या चौकाशी जोडलेली असतात. म्हणून पुढचे अंगण मोकळे राखणे हीच त्याची रीत आहे. तेथे पूर्वी भात वाळत असे आणि लग्नाचा माटोव (मांडव) उभा राहत असे. मधला भाग मातीचाच ठेवावा, पाऊस सरल्यावर चोपून सारवून घ्यावा, म्हणजे सासूबाईंची इच्छा पुरी होईल आणि मुलांनाही धावायला जागा मिळेल. हिरवळीला एप्रिल-मे महिन्यांत रोज पाणी लागते आणि जूननंतर साचलेल्या पाण्याने तिच्यावर बुरशी येते, हा अनुभव येथे अनेकांनी घेतला आहे.

झाडे कडेला, गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आतून लावावीत: अबोली, जास्वंद, अनंत आणि एका कोपऱ्यात बकुळ. माड व फणस मात्र परसातच शोभतात. वाळलेली झावळी किंवा नारळ कौलांवर पडला तर काय होते, ते निराळे सांगायला नको.

उत्तर (मडगाव)

वरील मताशी मी सहमत आहे. एक भर घालतो. आमच्याकडील सासष्टी तालुक्यात बाल्कांव (दारापुढचा बसायच्या बाकांचा सज्जा) असलेली घरे रस्त्याकडे तोंड करून असतात. तेथे पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना फुलझाडे आणि कुंड्या शोभतात, कारण बाल्कांवात बसलेला माणूस आणि वाटेने जाणारा माणूस एकमेकांशी बोलत असतात. तीच मांडणी तुमच्या वसरीपुढे उसनी वाटेल. झाड देशी की विदेशी, याचा मात्र फार बाऊ करू नये. देवळापुढचा पांढरा चाफा मूळचा अमेरिका खंडातला आणि बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली, तरीही दोन्ही येथे घरचीच झाली आहेत. रॉयल पाम खटकतो तो त्याच्या उंचीमुळे. उतरत्या कौलांच्या, ठेंगण्या घरापुढे ते उंच सरळ खांब उभे राहिले की घर दबून जाते.

उत्तर (डिचोली)

पेव्हरविषयी कळकळीने सांगतो. आम्ही घराभोवती जोत्याला भिडवून सिमेंटचा कोबा केला आणि अंगणाची पातळी चार इंचांनी वाढली. गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि चिरा हा सच्छिद्र दगड आहे. जमिनीत मुरायला वाट न मिळालेले पाणी भिंतीत चढले, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात आतल्या गिलाव्याचे कमरेपर्यंत पोपडे निघाले. शेवटी कोबा फोडावा लागला. वाट हवीच असेल तर चिऱ्याच्या लाद्या वाळूवर बसवाव्यात, सांधे सिमेंटने भरू नयेत आणि उतार घरापासून दूर ठेवावा.

आणखी एक गोष्ट पाहावी. पागोळ्या जेथे पडतात तेथे मातीत खळग्यांची एक सरळ ओळ उमटते. त्या ओळीत काही लावू नये; तेथे खडी पसरावी, आणि बाग तिच्या पलीकडून सुरू करावी.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कालच्या सरीनंतर टेप घेऊन मोजले. पागोळ्यांची ओळ जोत्यापासून अडीच फुटांवर पडते, आणि कंत्राटदाराच्या आराखड्यात नेमक्या त्याच जागी फुलांचा वाफा होता. अबोली आता गडग्याकडे जाईल. मधले अंगण मातीचे राहील, हे सासूबाईंना सांगितले तेव्हा त्यांनी दिवाळीपूर्वी ते चोपण्यासाठी लाकडी चोपणे माळ्यावरून काढून ठेवले.