फ्रान्समधल्या खेड्यांतल्या जत्रा: परक्या माणसाने जावे का, आणि कसे?

प्रश्न: गारोनकाठ

नमस्कार. आम्ही नवरा-बायको गेली तीन वर्षे तुलूजमध्ये राहत आहोत. येत्या मे महिन्याच्या मध्यावर माझे आई-वडील कराडजवळच्या गावाहून तीन महिन्यांसाठी येत आहेत. वडिलांनी जन्मभर शेती केली. आयफेल मनोऱ्याबद्दल त्यांनी एकदाही विचारले नाही, पण तिकडे गावागावांत जत्रा भरते का आणि आपल्याला तिथे जाता येईल का, हे मात्र फोनवर दोनदा विचारून झाले आहे. माझ्याकडे नीट उत्तर नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

शहराबाहेर पडले की पावाच्या दुकानांच्या काचांवर गावच्या उत्सवाची पत्रके लावलेली दिसतात. गेल्या उन्हाळ्यात असेच एक पत्रक वाचून आम्ही शनिवारी दुपारी चारच्या सुमारास एका गावात पोहोचलो. चर्चसमोरच्या चौकात मांडव घातलेला होता, लांबच लांब टेबले मांडून त्यांवर गुंडाळीतला पांढरा कागद अंथरलेला होता आणि वाऱ्याने उडू नये म्हणून त्याच्या कडा चिकटपट्टीने बसवलेल्या होत्या, पण चौकात चिटपाखरू नव्हते. सात वाजता माणसे जमू लागली तेव्हा समजले की जेवणाची नावनोंदणी आठवड्यापूर्वीच बंद झाली आहे. प्रत्येक कुटुंब घरून टोपलीत ताटे, पेले आणि काटे-चमचे घेऊन येत होते. आम्ही तासभर कडेला उभे राहिलो आणि परत फिरलो. आम्हाला कोणीही काही बोलले नाही, तरी दुसऱ्याच्या घरच्या कार्याला न बोलावता आल्यासारखे सारखे वाटत होते. आई-वडिलांवर तशी वेळ येऊ नये, एवढीच इच्छा आहे.

अशा उत्सवाला बाहेरच्यांनी जाणे चालते का? नावे कोठे नोंदवायची? आई शुद्ध शाकाहारी आहे, अंडेही खात नाही, तिची सोय कशी करावी? आणि मे ते ऑगस्ट या काळात तुलूजहून जाता येईल असे नेमके काय पाहावे?

उत्तर: रुएर्गवासी

आपण त्या दिवशी तसेच परत गेलात हे वाचून वाईट वाटले. मी आव्हेरों भागातल्या एका लहान गावात अकरा वर्षे राहत आहे आणि त्यांपैकी चार वर्षे गावच्या उत्सव समितीत काम केले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

येथील गावच्या उत्सवामागे बहुतेक ठिकाणी ‘कोमिते दे फेत’ नावाची समिती असते. १ जुलै १९०१ च्या संस्थाविषयक कायद्याखाली नोंदलेली ही संस्था असते आणि तिच्यात काम करणाऱ्या कोणालाही मोबदला मिळत नाही. नगरपालिकेकडून, म्हणजे ‘मेरी’कडून, थोडे अनुदान मिळते, बाकी खर्च जेवणाच्या पावत्या, सोडत आणि पेयांच्या टपरीवर निघतो. या टपरीलाही महापौरांची परवानगी लागते आणि एका संस्थेला अशी तात्पुरती परवानगी वर्षातून पाचच वेळा मिळते, त्यामुळे कोणत्या दिवशी टपरी लावायची यावर आमच्या बैठकीत बराच खल होत असे. आमच्या नैर्ऋत्य भागात अनेक गावांत उत्सवाआधी तरुण मुले वाद्ये घेऊन घरोघर जातात, दारात एखादे गाणे वाजवतात आणि घरधनी यथाशक्ती पैसे देतो. आपल्या वडिलांना हे समजावून सांगण्यासाठी ‘वर्गणी’ हा एकच शब्द पुरेल.

उत्सव मुळात गावच्या संरक्षक संताचा असतो, म्हणून दक्षिणेत त्याला ‘फेत व्होतिव्ह’ म्हणतात. उत्तरेत त्यालाच ‘द्युकास’, लियोंच्या आसपास ‘व्होग’ आणि शारांत भागात ‘फ्रेरी’ ही नावे आहेत. आज त्यातला धार्मिक भाग पुष्कळ ठिकाणी रविवारच्या एका प्रार्थनेपुरता उरला आहे. शुक्रवारी पेतांकच्या, म्हणजे लोखंडी गोळे फेकण्याच्या खेळाच्या, जोड्यांची स्पर्धा, शनिवारी रात्री जेवण आणि नाच, रविवारी सकाळी प्रार्थना, असा सर्वसाधारण क्रम असतो. प्रार्थनेनंतर गावकरी युद्धस्मारकापाशी जमून पुष्पचक्र वाहतात. पहिल्या महायुद्धात गेलेल्यांची नावे अगदी दोनशे वस्तीच्या गावातही त्या दगडावर कोरलेली असतात, आणि गावाच्या मानाने ती यादी फार लांब असते. एकाच आडनावाची तीन-चार नावे एकाखाली एक वाचताना आजही माझा पाय तेथून लवकर निघत नाही. त्यानंतर नगरपालिकेतर्फे सर्वांना पेय आणि खारे पदार्थ दिले जातात. बाहेरच्या माणसाने यावे तर याच वेळी, असे माझे स्पष्ट मत आहे. नावनोंदणी नाही, पैसे नाहीत, आणि महापौरांपासून सगळे उभ्यानेच बोलत असल्यामुळे ओळख करून घेणे सोपे जाते.

राहिली जेवणाची गोष्ट. पत्रकावर खाली बारीक अक्षरांत दूरध्वनी क्रमांक आणि शेवटची तारीख असते, आणि ताटे-चमचे घरून आणावेत ही सूचनाही बहुधा असतेच. दहा दिवस आधी फोन करावा आणि आपण बाहेरून येत आहोत हे मोकळेपणाने सांगावे. पुष्कळ लहान गावे आपल्या सूचना ‘पॅनोपॉकेट’ या मोबाइल अ‍ॅपवर टाकतात, तेथेही तारखा कळतात. एक विनंती मात्र आवर्जून करतो: जेवणानंतर बाके उचलायला हात लावा. मी पहिल्या वर्षी न सांगता दोन बाके उचलून मालमोटारीत ठेवली, तेव्हा शेजारच्या आजोबांनी मला प्रथमच नावाने हाक मारली.

उत्तर: घाटावरची

शाकाहाराबद्दल मी अनुभवाने लिहिते, कारण माझ्या सासूबाई दोनदा येथे येऊन गेल्या आहेत. जेवणाचे पदार्थ आधीच ठरलेले असतात आणि त्यांत खरबुजाबरोबर डुकराच्या मांसाचे काप, मग भाजलेले मांस, मग चीज आणि गोड असा क्रम वारंवार दिसतो. नोंदवतानाच ‘मांस नको’ असे सांगितले तर समिती काहीतरी व्यवस्था करते, पण तेवढ्यावर विसंबून राहू नका. नैर्ऋत्य भागात बटाटे अनेकदा बदकाच्या चरबीत परततात आणि बटाटा म्हणजे शाकाहारीच, अशी वाढणाऱ्याची प्रामाणिक समजूत असते. हा प्रश्न वेगळा विचारावा लागतो. आम्ही सासूबाईंसाठी दशम्या आणि कोरडी चटणी सोबत नेली होती, आणि सगळेच घरून ताटे आणत असल्यामुळे आमचा डबा कोणाला खटकला नाही.

ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी तार्न भागातल्या लोत्रेक येथे गुलाबी लसणाचा उत्सव असतो. तुलूजहून तासा-सव्वातासाचे अंतर आहे. या लसणाला १९६६ मध्ये ‘लाबेल रूज’ हे दर्जाचे चिन्ह मिळाले. त्याचा मधला दांडा टणक असल्यामुळे त्याची वेणी घालता येत नाही. गड्ड्या दांड्यांनिशी एकत्र बांधून जुडी करतात आणि तिला ‘मानुय’ म्हणतात. ती बांधणारे हात पाहण्यासारखे असतात: एक एक गड्डी फिरवून बसवायची, वरचे मातकट साल अंगठ्याने सोलून आतला गुलाबी रंग दिसू द्यायचा, आणि दोरी आवळायची. लसूण पिकवलेल्या माणसाला तेथून हलवणे कठीण जाईल. मात्र तेथे लसणाचे जे सार वाटतात त्यात अंडे असते, हे आईंना आधीच सांगून ठेवा.

उत्तर: मेंढेगिरी

वडील शेतकरी आहेत आणि मे महिन्याच्या मध्यावर येत आहेत, तर मी दुसरे काही सुचवणार नाही: आव्हेरों भागातले डोंगराळ ओब्राक. २५ मे हा संत उर्बेनचा दिवस. त्याच्या आसपासच्या रविवारी गुरे उन्हाळी कुरणांवर चढवण्याचा सोहळा ओब्राक गावात होतो. ओब्राक जातीची गाय गव्हाळ-पिंगट रंगाची, डोळ्यांभोवती काजळ घातल्यासारखी काळी कड असलेली, शिंगे लांब आणि वर वळलेली. त्या दिवशी कळपातल्या गायींच्या शिंगांवर फुलांचे तुरे, झेंडे आणि फांद्या बांधतात आणि गळ्यात मोठ्या घंटा अडकवतात. कळप दिसण्याआधी त्या घंटांचा नाद डांबरी रस्त्यावरून ऐकू येतो. बैलपोळ्याशी साम्य सजावटीपुरतेच आहे. पोळ्याला कामाच्या बैलाला विश्रांती असते. येथे गुरांचा मुक्काम हलतो, आणि ती साधारण १३ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे संत जेरोच्या दिवसापर्यंत वरच राहतात. मालक कळपाबरोबर स्वतः चालतो, त्याची मुले काठ्या घेऊन मागे असतात. आपल्याकडे मेंढपाळ घाट उतरून कोकणात जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर देशावर परत फिरतात, ते पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. गुरे अशी हंगामानुसार हलवण्याच्या परंपरेला युनेस्कोच्या यादीत २०१९ मध्ये स्थान मिळाले, आणि २०२३ मध्ये त्यात फ्रान्सचाही समावेश झाला.

तुलूजहून गाडीने साधारण तीन तास लागतात, म्हणून आदल्या रात्री जवळपास मुक्काम करावा. गाव सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे आणि मे अखेरीसही बोचरा वारा असतो. स्वेटर आणि कानटोप्या घ्याच. तेथे मिळणारे ‘आलिगो’ म्हणजे कुस्करलेल्या बटाट्यात ताजे चीज, लोणी, साय आणि लसूण घालून घोटलेला पदार्थ. लाकडी पळीने वर ओढला की त्याची दोरी निघते. त्यात मांस किंवा अंडे नसते, पण चीज करताना वासराच्या पोटातले विरजण वापरतात, ते आईंना चालते का हे विचारून घ्यावे.

श्री. रुएर्गवासी यांच्या मताशी मी पूर्ण सहमत नाही. लहान गावात भाषा येत नसेल तर वयस्क माणसे तीन तास मुकी बसतात. गुरे पाहायला भाषा लागत नाही.

उत्तर: रुएर्गवासी

आपला मुद्दा रास्त आहे, आणि पहिला उत्सव म्हणून ओब्राक चांगले, हे मान्य करतो. पण तेथे हजारो पाहुण्यांत तुम्हीही पाहुणेच राहता, आणि मूळ प्रश्न जत्रेत सामील होण्याचा होता. भाषेसाठी एक उपाय सुचवतो: रविवारी सकाळी ‘व्हीद-ग्रेनिये’ असेल असे गाव निवडावे. या शब्दाचा सरळ अर्थ ‘माळा रिकामा करणे’, आणि खरोखरच लोक घरातल्या माळ्यावरचे जुने सामान रस्त्यावर मांडून विकतात. सामान्य माणसाला असे विकण्यास वर्षातून दोनदाच मुभा आहे, आणि तेही स्वतःचे वापरलेले सामान. आमच्याकडे तेथे कोयते, दुधाच्या किटल्या, बैलांचे जू, गुरांच्या घंटा हमखास येतात. एक हरियाणवी शेतकरी पाहुणे एकदा माझ्याकडे आले होते. ते आणि घंटा विकणारे एक गृहस्थ हातवारे करून अर्धा तास बोलत उभे होते.

उत्तर: पिरेनेची पायवाट

थोडक्यात भर घालते. २३ जूनच्या रात्री संत जाँच्या आगट्या पेटतात. तुलूजच्या दक्षिणेस लुशोंच्या परिसरात झाडाचा उंच बुंधा पाचरी ठोकून उभा फाडतात, वाळवतात आणि त्या रात्री पेटवतात; पिरेने पर्वतातल्या या अग्नि-उत्सवांची २०१५ मध्ये युनेस्कोने नोंद घेतली. आईंना होळीची आठवण नक्की होईल. १४ जुलैचे, म्हणजे येथील राष्ट्रीय दिनाचे, शोभेचे दारूकाम आणि अग्निशमन दलाचा नाच जवळच्या कोणत्याही गावात मिळेल, आणि अनेक गावे तो १३ च्या रात्रीच करतात, तेव्हा तारीख तपासून जावे. लहान मुलांची छायाचित्रे मात्र पालकांना विचारल्याशिवाय काढू नयेत.

गारोनकाठ

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना काल रात्री सगळे वाचून दाखवले. काजळ घातलेल्या गायींच्या ठिकाणी त्यांनी मला थांबवून तो भाग पुन्हा वाचायला लावला, म्हणून ओब्राकला जाणे नक्की झाले आहे आणि मुक्कामाची खोली आजच राखून ठेवली. जुलैमधल्या एका गावच्या जेवणासाठी समितीला फोन केला. नोंदणी अजून सुरू झालेली नाही, पण फोनवरच्या बाईंनी आमची चार नावे लिहून घेतली, बदकाच्या चरबीचा प्रश्न स्वयंपाक करणाऱ्यांना विचारून कळवते म्हणाल्या, आणि शनिवारी सकाळी दहा वाजता टेबले लावायला दोन माणसे कमी आहेत, असेही त्यांनी सांगितले. आम्ही दोघे जाणार आहोत.

ताटे घरून न्यायची असतात हे ऐकल्यावर आईने सामानात आमच्या घरची स्टीलची चार ताटे घातली आहेत. कागद अंथरलेल्या टेबलावर ती चालतील ना, एवढे कोणी सांगावे.

उत्तर: घाटावरची

चालतील. सासूबाईंनी आमचीही स्टीलचीच नेली होती. ताटांच्या मागे रंगाने नाव घालून ठेवा, कारण जेवणानंतर सगळ्यांची ताटे एकाच नळाखाली धुतली जातात.