11 वर्षांनी भेटलेल्या दोस्ताला नागपुरात जेवायला नेलं, चार दिवस झाले मन लागून नाही राहिलं

वेचणीचे_दिवस (ता. समुद्रपूर, जि. वर्धा)

नमस्कार मंडळी. जाम चौरस्त्यापासून आठ किलोमीटर आत माझं गाव. कापूस, तूर आणि थोडा चणा. इथं मी नेहमी बोंडअळीचं नाहीतर फवारणीचं विचारत असतो. आज वेगळंच विचारून राहिलो, सांभाळून घ्या.

अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकत होतो तेव्हा माझ्या खोलीत सांगलीकडचा एक मुलगा होता. चार वर्षं एकच खोली, एकच बादली. दुसऱ्या वर्षी दिवाळीला त्याला घरी जायला जमलं नाही म्हणून मी त्याला आमच्या गावी आणलं. आईनं पाटवडी केली होती, बेसनाच्या वड्या आणि वरून तिखट रस्सा. चुलीपुढं पाटावर बसून त्यानं रस्सा ओरपला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. आई म्हणे, "पोरा, पुरे कर, तुले सहन नाही होणार." त्यानं उत्तर न देता ताट पुढं केलं. आई ही गोष्ट पुढं कितीतरी वर्षं येईल त्याला सांगायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तेव्हा त्याचा फोन आला होता, पण येणं झालं नाही. 2014 नंतर आमची भेटच नव्हती.

मागच्या शनिवारी तो कंपनीच्या ट्रेनिंगसाठी नागपुरात होता. म्हणाला, संध्याकाळी मोकळा आहे, भेटू. मी दुपारची वेचणी सोडली, एसटी धरली आणि सीताबर्डीत उतरलो. बर्डीवरच्या एका मोठ्या हॉटेलात "अस्सल वऱ्हाडी थाळी" असा बोर्ड होता. माझ्या मनात एकच होतं, त्याला पुन्हा पाटवडी खाऊ घालायची. हॉटेल मीच निवडलं, हे आधीच सांगतो.

पितळेची मोठी ताटं आली, त्यात नऊ वाट्या. पाटवडीची वाटी मी आधी ओढली. रस्सा घट्ट, केशरी, वर मलईची रेघ. बोट बुडवून चाखला तर गोड. काजूचा गोडवा जिभेवर बसला आणि तिखट कुठंच नव्हतं. वडी बोटांनी मोडली. बाहेरून कोमट, आत फ्रिजमधून काढल्यासारखी थंडगार. मोडताना तिचा रव्यासारखा भुगा झाला. ज्वारीची भाकर वातड, कडेला तडे गेलेली, ठेच्यात व्हिनेगरचा वास. वांग्याच्या भाजीत तोच केशरी रस्सा, शेवभाजीतही तोच.

त्यानं काही म्हटलं नाही, सगळं संपवलं. मी मात्र प्रत्येक घासाला त्याच्या चेहऱ्याकडं पाहत होतो. डोक्यावर गाणी इतकी मोठ्यानं लावली होती की त्याच्या वडिलांच्या ऑपरेशनचं तो सांगत होता ते मला दोनदा परत विचारावं लागलं. वेटर दर पाच मिनिटांनी येऊन "सर, और कुछ?" विचारी. बाहेर लोक टेबलाची वाट पाहत उभे होते. मला साडेनऊची एसटी धरायची होती. 11 वर्षांचं बोलणं त्या 50 मिनिटांत कुठून होणार?

बिल असं: दोन थाळ्या 1040, पाण्याच्या दोन बाटल्या 100, ताक दोन 100. झाले 1240. त्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज 124. मग 1364 वर जीएसटी 68.20. एकूण 1432. मी मुकाट्यानं दिले.

बाहेर आल्यावर, रिक्षात बसता बसता, तो म्हणाला, "घरला न्यायचं की रं गड्या. पिठलं-भाकरी चाललं असतं."

तेवढंच बोलला. रागानं नाही, सहज. पण एसटीत बसल्यापासून ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. घरी का नेलं नाही, याचं खरं कारण हे की आई नाही. बायको चांगलं रांधते, पण पाटवडी तिच्या माहेरची वेगळी. मला वाटलं, तो आईची चव शोधेल आणि त्याला ती मिळणार नाही. शिवाय पुढची खोली पावसाळ्यात खचली, तिची भिंत अजून उघडी आहे. हे मी त्याला सांगितलंच नाही. "गावाकडं यायला उशीर होईल, नागपुरातच बसू," एवढंच म्हटलं.

जानेवारीत तो पुन्हा नागपूरला येणार आहे. आता मी काय करू? फोन करून माफी मागावी, की नुसतं बोलावणं करावं? आणि कोणी सांगेल का, पाटवडीचा रस्सा असा का लागला? नीट रस्सा करायचा कसा?

कढई_आणि_कलथा (भंडारा जिल्हा)

दादा, मी सहा वर्षं नागपुरात हॉटेलांच्या किचनमध्ये काम केलं, आता गावी परत आलो. तुमच्या ताटात काय झालं ते मला डोळ्यांसमोर दिसलं.

मोठ्या किचनमध्ये सकाळी दोन गंज (मोठी पातेली) चढतात. एकात कांदा-टमाट्याची लाल ग्रेव्ही, दुसऱ्यात काजू-मगजची (टरबूज-खरबुजाच्या बियांची) पांढरी. दिवसभर प्रत्येक भाजी या दोन गंजांतून निघते. ऑर्डर आली की पळीभर लाल, अर्धी पळी पांढरी, वर मसाला आणि मलई. म्हणून तुमचं वांगं, शेव आणि पाटवडी एकाच चवीचं लागलं. वड्या सकाळीच थापून कापून फ्रिजमध्ये जातात आणि ऑर्डरीला मायक्रोवेव्हमध्ये अर्धा मिनिट फिरतात. बेसन फ्रिजमध्ये कडक होतं, मग मोडताना भुगा होतो. भाकरी सातच्या आधी थापून फडक्यात रचून ठेवतात, कारण आठ वाजता तव्यापुढं उभं राहायला माणूस नसतो.

आमच्या कुकला सगळं येत होतं. सुट्टीच्या दिवशी तो स्टाफसाठी जे कालवण करायचा ते मी विसरणार नाही. पण 120 खुर्च्या आणि किचनला चार माणसं असली की तो तरी काय करेल? थंड वडी मात्र तुम्ही परत पाठवायला हवी होती. गिऱ्हाइकानं हाक दिल्याशिवाय आत कोणाला कळत नाही. ताट रिकामं परत आलं की मालकाला वाटतं, सगळं झकास चाललं.

खानावळवाली_ताई (दारव्हा)

भाऊ, तुमच्या आईची गोष्ट वाचून कंठ दाटून आला. मी बावीस वर्षांपासून खानावळ चालवते. कॉलेजची पोरं जेवतात आमच्याकडं, त्यात पश्चिम महाराष्ट्रातलीही असतात. तिखटानं रडतात आणि परत मागतात, तुमच्या दोस्तासारखी.

एक आधी सांगते. बोर्डावर वऱ्हाडी लिहिलं की लोक सावजी समजतात आणि सावजी म्हटलं की वऱ्हाडी. सावजी हे नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं रांधणं, त्याचा मसाला वेगळा, जुन्या घरांत ते जवसाच्या तेलात करत. आपल्या शेतकऱ्याच्या घरची पाटवडी त्याहून साधी. हॉटेलवाल्यानं दोन्ही एकत्र कालवलं आणि वर काजू ओतले.

आता रस्सा. कांदे साल न काढता निखाऱ्यावर भाजा, वरचं काळं झालं की साल काढून टाका. सुकं खोबरं तसंच निखाऱ्यावर, कडा काळ्या होईस्तोवर. धने, तीळ, खसखस, लवंग, मिरे, दालचिनी, लाल मिरच्या तव्यावर वेगवेगळ्या भाजा, एकत्र भाजल्या की तीळ जळतात आणि धने कच्चे राहतात. लसूण-आलं घालून सगळं बारीक वाटा. पाटा असला तर पाट्यावर, नाहीतर मिक्सर चालेल, पण पाणी कमी. फल्लीच्या (शेंगदाण्याच्या) तेलात हे वाटण मंद आंचेवर परता. तेल सुटून कडेनं बुडबुडे आले की मगच पाणी घाला, आणि पाणी उकळतं असू द्या. थंड पाणी घातलं की तर्री वर येत नाही, सगळा रस्सा मळकट होतो. रस्सा पातळच ठेवा.

वडीसाठी एक वाटी बेसनाला दीड वाटी पाणी. जिरं, लसूण, हिरवी मिरची, हळदीची फोडणी, पाणी खळखळलं की बेसन सोडा आणि भराभर घोटा. गुठळी राहू देऊ नका. झाकण घालून दोन वाफा आणा. तेलाचा हात लावलेल्या ताटात गरम असतानाच थापा, वरून खोबऱ्याचा कीस, खसखस, बारीक चिरलेला सांबार, म्हणजे कोथिंबीर. वडी रश्श्यात शिजवायची नाही. ताटात वडी ठेवून वरून कढत रस्सा ओतायचा, जेवणारा पाटावर बसल्यावर.

भाकरीचं पीठ त्याच आठवड्यात दळलेलं घ्या. जुन्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते, मग कडेला तडे जातात, तुमच्या ताटातल्यासारखे.

अकोल्याचा_वकील

जेवणाबद्दल ताईंपुढं मी काय सांगणार? बिलाबद्दल बोलतो.

124 रुपयांचा सर्व्हिस चार्ज तुम्ही द्यायलाच पाहिजे होता असं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलनं सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावाखाली घ्यायचा नाही, आणि तो जेवणाच्या बिलात मिळवून त्या बेरजेवर जीएसटीही लावायचा नाही. तुमच्या बाबतीत हॉटेलनं नेमकं हेच केलं. हॉटेलवाल्यांच्या संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या. 28 मार्च 2025 रोजी न्यायालयानं त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि सूचना कायम ठेवल्या. तुमचं बिल 1240 आणि त्यावर 5 टक्के, म्हणजे 62, असं 1302 व्हायला हवं होतं. 130 रुपये जास्त गेले.

बिल जवळ असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. आधी हॉटेलला कळवा, नाही ऐकलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. मराठीत बोलता येतं.

कपाशी_आणि_कर्ज (घाटंजी)

बाटलीचं काहून नाही बोलले वकीलसाहेब? 20 ची बाटली 50 ले, हे तं सरळ लूट आहे. छापलेल्या किमतीच्या वर घेताच येत नाही ना?

अकोल्याचा_वकील

दुकानात घेता येत नाही. हॉटेलात बसून प्यायलात तर वेगळं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2017 मध्ये सांगितलं की हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दरानं देता येतं, कारण तिथं बसायची जागा आणि सेवाही असते. मलाही तो निकाल पटत नाही, पण आजचा कायदा तो आहे. म्हणून साधं पाणी मागावं.

कपाशी_आणि_कर्ज (घाटंजी)

बरं झालं सांगितलं. मी तं भांडायलेच निघालो होतो.

आता वेचणीवाल्या भाऊले माझं एक सांगणं. मी मागच्या साली असंच केलं. पुण्याचा साळा आला, घराचं छप्पर गळून राह्यलं होतं, लाज वाटली, म्हणून त्याले यवतमाळात लॉजवर ठेवलं आणि बाहेरच जेवू घातलं. तो वर्षभर बोलला नाही. त्याले वाटलं, बहिणीच्या घरी मले जागा नाही. तुमचा दोस्त तं बोलून गेला, हे तुमचं नशीब. माफी कायले मागता, भिंतीचं खरं सांगा. आईचंही सांगा. तो मातीवर बसून जेवलेला माणूस आहे, त्याले भिंतीचं काय?

वेचणीचे_दिवस (ता. समुद्रपूर, जि. वर्धा)

सगळ्यांचे आभार. घाटंजीच्या भाऊंचं वाचलं आणि काल रात्री फोन लावला. आधी त्याच्या वडिलांचं विचारलं, नीट, जे त्या दिवशी ऐकू आलं नव्हतं ते सगळं. ऑपरेशन बायपासचं होतं, आता ते फिरायला लागलेत. मग भिंतीचं सांगितलं, आईचंही. तो थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, "मला त्या वाटीत काकूंचा रस्सा नाही मिळाला म्हणून नाही वाईट वाटलं. तू जेवत नव्हतास, माझ्याकडंच बघत होतास." मला काही बोलताच आलं नाही.

जानेवारीत दोन रात्री मुक्कामाला येतो म्हणाला. तेव्हा तुरीच्या शेंगा भरलेल्या असतील, सोलेभात करू. बायको म्हणते, पाटवडी तिच्या माहेरच्या पद्धतीनंच करेल, आणि ते बरोबर आहे. वाटण मात्र मी करणार, पाटा अजून मागच्या पडवीत आहे.

भंडाऱ्याच्या दादा, तुमच्या कुकबद्दल वाचून माझा राग बराच उतरला. हॉटेलला 130 रुपयांचं पत्र मात्र लिहिलं, त्यात वडी थंड होती हेही लिहिलं. काय उत्तर येतं ते इथं सांगेन.

ताई, एक राहिलं. आईच्या मसाल्याच्या डब्यात दगडफूल असायचं. ते तुम्ही लिहिलं नाही. ते कोरडं भाजायचं की तेलात? ती कसं करायची ते मी कितीदा पाहिलं, पण आता आठवत नाही.

खानावळवाली_ताई (दारव्हा)

थेंबभर तेलात, सगळ्यात शेवटी, तवा खाली उतरवून. चिमूटभरच घ्या आणि आधी निवडून घ्या, त्यात खडे आणि साली असतात. जळलं की रस्सा कडू होतो.