सगळ्यांचे ऐकून घेणाऱ्या माणसाचे कोणी ऐकायचे?

सुरंगी_मालवण

नमस्कार. मी मालवण तालुक्यातल्या एका वाडीत राहते. घरात यजमान, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आणि मी अशी तीनच माणसे आहोत. दोन्ही दीर मुंबईला असतात. रातांबे म्हणजे कोकमाची फळे फोडणे, त्यांच्या सोलांना रसाचे पुट देणे, सासूबाईंचे सारे करणे, गणपतीत वीस माणसांचे रांधणे या कामांबद्दल माझी तक्रार नाही. ती मी आवडीने करते आणि त्याबद्दल कोणी ना कोणी चांगले बोलतेही. पण आणखी एक काम गेली कित्येक वर्षे माझ्याकडे आहे, ज्याबद्दल कोणीच काही बोलत नाही.

शेजारची सून, जिचा नवरा ट्रॉलरवर खलाशी आहे, घरात बिनसले की आमच्या पडवीत येऊन बसते. धाकट्या दिरांना नोकरीची काळजी लागली की ते रात्री जेवणानंतर मला फोन करतात, कारण बायकोला घाबरवायचे नसते. नणंदेच्या मुलीचे ठरलेले लग्न मोडले, तेव्हा दोन महिने मी तिच्याशी रोज बोलत होते. कोणाजवळ काय बोलायचे, कोणाचे कोणाच्या कानावर जाऊ द्यायचे नाही, कोण रागावले आहे आणि त्याला आधी कोणी फोन करायचा, हे सगळे माझ्या डोक्यात सतत चालू असते.

चैत्रात माझे वडील गेले. तेराव्यापर्यंत सगळे विचारपूस करत होते. पंधराव्या दिवशी दिरांचा फोन आला, ‘वहिनी, वेळ आहे ना?’ माझे दोन्ही हात आगळाने, म्हणजे कोकमाच्या रसाने, लाल झालेले होते, फोन खांदा आणि गाल यांच्यामध्ये धरलेला होता, आणि त्यांच्या नव्या साहेबांची हकिकत ऐकत मी अर्धा तास त्यांना धीर देत राहिले. ‘तुम्हाला कसे वाटते आहे’ हे त्यांनी विचारले नाही. मागच्या रविवारी फोनवर मागून जाऊबाईंचा आवाज ऐकू आला, ‘वहिनींना कसला त्रास? त्यांचा स्वभावच तसा आहे.’ ते वाक्य तेव्हापासून मनातून जात नाही. मला कौतुक नको आहे, पण याचे वाईट वाटणे चुकीचे आहे का?

निवृत्त_शिक्षिका_गुहागर

सुरंगीताई, वाईट वाटणे अजिबात चुकीचे नाही. ‘स्वभाव’ हा शब्दच तुम्हाला लागला आहे आणि माझ्या मते तुमचे दुखणे नेमके तिथेच आहे. एखादी गोष्ट कष्टाने होते असे मान्य केले की तिची परतफेड करावी लागते. ती स्वभावाने होते असे म्हटले की काहीच देणे उरत नाही. सुरंगीच्या फुलाला सुवास येतो म्हणून तिचे आभार कोण मानतो?

तुम्ही सांगता त्या कामाला नाव आहे. आर्ली हॉशचाइल्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 साली ‘भावनिक श्रम’ ही कल्पना मांडली. विमानातल्या परिचारिकांना स्वतःचा राग किंवा थकवा गिळून प्रवाशांसमोर हसतमुख राहावे लागते, आणि हे हसतमुख राहणे हा त्यांच्या पगारी कामाचाच भाग असतो, असे त्यांनी दाखवून दिले. त्यांचा शब्द मुळात पगारी कामासाठी होता. घरात, नात्यात चालणाऱ्या अशाच कामाला लोक तो पुढे लावू लागले. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो, कारण विमानातल्या बाईची कामाची वेळ संपते, तुमची संपत नाही.

आपल्याकडे 2019 साली झालेल्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे वेळ जातो आणि ते करणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटे, असे आढळले होते. निदान स्वयंपाक आणि झाडलोट मिनिटांत मोजली जाते. शेजारच्या सुनेसाठी तुम्ही पडवीत घालवलेला पाऊण तास मात्र जाणाऱ्या-येणाऱ्याला गप्पाच वाटणार.

चाकरमानी_डोंबिवली

मी हे लिहावे की नाही याचा बराच विचार केला, कारण तुमच्या धाकट्या दिरांच्या जागी मी स्वतःला पाहिले. आमचे घर देवगडकडे आहे. आई गावी, वहिनींजवळ असते. मी अनेक वर्षे दर रविवारी वहिनींना फोन करून आईची खुशाली विचारत असे आणि पुढचा अर्धा तास माझेच सांगत असे. मला प्रामाणिकपणे वाटे की मी गावाची चौकशी करतो आहे. खरे पाहता आईजवळ नसल्याचा अपराधीपणा मी दर आठवड्याला वहिनींच्या पदरात टाकून मोकळा होत होतो, आणि त्याही ‘भावोजी, तुम्ही काळजी करू नका’ म्हणून तो घेत होत्या.

गेल्या दिवाळीनंतर एकदा मी फोनवर फक्त एवढेच विचारले, ‘वहिनी, तुम्ही कशा आहात?’ पलीकडे इतका वेळ कोणीच बोलले नाही की फोन तुटला असे मला वाटले. मग त्यांनी विचारले, ‘का हो, काही झालंय का?’ माझ्या साध्या विचारण्यामागे काही वाईट बातमी असणार असे त्यांना वाटले, याची मला आजही लाज वाटते. तेव्हापासून आईला मी रोज रात्री स्वतः फोन करतो. माझे दुःख मी आता बायकोला सांगतो; ती घाबरत नाही. तुमच्या दिरांनाही एकदा त्यांच्या पत्नीशी बोलायला सांगून पाहा.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूण परिसरात आशा सेविका म्हणून काम करते. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर आम्ही घरोघर औषधे घेऊन जात होतो, पण लोकांना औषधापेक्षा बोलायचे असायचे. चिखलाने भरलेल्या घराच्या उंबऱ्यावर उभी राहून एक आजी मला पाण्याची खूण दाखवत होत्या, भिंतीवर हात फिरवत, पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी. मी ऐकत राहिले. अशी किती घरे ऐकली ते आठवत नाही. डिसेंबरमध्ये माझी झोप उडाली, घरात मुलांवर विनाकारण ओरडू लागले, आणि कोणाचा फोन वाजला तरी छातीत धस्स होऊ लागले. जिल्हा रुग्णालयात दाखवल्यावर मला कळले की हे थकणे आहे आणि त्यावर उपचार असतात.

ताई, तुमची झोप आणि भूक कशी आहे याकडे लक्ष द्या. वडिलांना जाऊन फार दिवस झालेले नाहीत, त्यामुळे दुःख असणारच. पण आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल तर थांबू नका. ऑक्टोबर 2022 पासून सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोन सेवा 14416 या क्रमांकावर चालते. ती विनामूल्य आहे, चोवीस तास असते आणि मराठीत बोलता येते.

सरळ ‘नाही’ म्हणायला शिका, असे शहरातली माणसे सांगतील. वाडीत ते जमत नाही, कारण जिला नाही म्हणायचे तीच सकाळी विहिरीवर भेटते. मी वेळ ठरवून घेतली. ‘आता हातात काम आहे, दिवेलागणीनंतर ये’ असे सांगितले तर कोणी दुखावत नाही. आणि एक कडू वाटेल असे विचारते, रागावू नका: ‘मला बरे वाटत नाही’ हे तुम्ही कोणाला कधी सांगितले आहे का?

सुरंगी_मालवण

आपण सर्वांनी सविस्तर लिहिले, मी मनापासून आभारी आहे. वाशिष्ठीकाठताई, तुमचा प्रश्न वाचून आधी राग आला. आपणच मागावी लागते त्या विचारपुशीला काय अर्थ, असे मला वाटत आले आहे. मग आमच्या गावचे गाऱ्हाणे आठवले. देवासमोर एकजण सगळ्यांच्या वतीने बोलतो आणि बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. पण गाऱ्हाणे घालणाऱ्याला कोणीतरी आधी सांगावे लागते, तेव्हाच देवापुढे नाव घेतले जाते. मी माझे कोणाला सांगितलेच नव्हते.

काल दुपारी शेजारची सून आली, तेव्हा मी खळ्यात सोले उलटवत होते. ती बोलायला लागण्याआधीच मी म्हटले, ‘आज माका बाबांची खूप आठवण येता.’ ती काही बोलली नाही. दुसरे सूप ओढून घेऊन माझ्या शेजारी बसली आणि ऊन उतरेपर्यंत सोले उलटवत राहिली. दिरांशी अजून बोलणे झालेले नाही. रविवारी फोन येईल तेव्हा मी आधी बोलणार आहे.