दीड वर्ष झालं, फूड फॉरेस्टमधली फळझाडं जागची हलत नाहीत

अंगणातलं_रान
नमस्कार. फूड फॉरेस्ट, म्हणजे जंगलासारखी थराथरांनी लावलेली खाण्याजोग्या झाडांची बाग, करतेय. जागा ५० बाय ४० फूट. दीड वर्षापूर्वी सात-सात फुटांवर ४२ रोपं लावली: २ आंबे, १ फणस, बाकी पेरू, लिंबू, पपई आणि ६ शेवगे. शेवगे पंधरा फुटांवर गेलेत. लिंबू मात्र फिकट पडलंय, पेरू गुडघ्याएवढाच आहे. मधल्या जागेत गवत माजलंय, दर महिन्याला उपटते तरी परत येतं. खत वाढवू का? खरं तर जंगलासारखं आपोआप वाढावं म्हणूनच हे सगळं केलं होतं, त्यामुळे खत घालायला मन धजत नाही. शिवाय इथल्या मातीतल्या खाण्याजोग्या वनस्पती कुठे बसवाव्यात, तेही सांगा.

वाफा_आणि_वाट
खत थांबवा, आधी गवताचं बघा. लहान झाडाची अन्न घेणारी मुळं वरच्या फूटभर मातीतच असतात आणि गवताचीही तिथेच. पाणी आणि नत्र दोन्ही गवत आधी ओढतं.

कोयता_काका
वरचं बरोबर आहे. पण उपटू नका, झाका. उपटलं की माती उघडी पडते आणि नवं बी रुजतं. गवत जमिनीलगत कापा, जुने पुठ्ठे चिकटपट्ट्या काढून एकमेकांवर चढवून पसरा, भिजवा, वर अर्धा फूट पालापाचोळा टाका. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा. मी पाचोळा थेट खोडाला टेकवला होता, चार पपया बुडाशी कुजून आडव्या झाल्या. आजही वाईट वाटतं.

दुसरं, कापायला शिका. मी पहिली दोन वर्षं एक फांदी तोडली नाही, जीवच होत नव्हता. गिरिपुष्प एवढं माजलं की पेरू उजेडासाठी वाकडा झाला. आता वर्षातून तीनदा छातीच्या उंचीवर छाटतो आणि पाला पेरूच्या बुडाशी अंथरतो. गिरिपुष्पाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र धरतात; ते पेरूला मिळतं मुख्यतः हा पाला कुजल्यावर. नुसतं शेजारी उभं करून फारसं काही होत नाही. म्हणजे जंगलाला खत मिळतंच, फक्त ते वरून पडतं. तुमचे शेवगे आजच निम्म्यावर आणा.

दाटीबद्दलही सांगतो. अशा बागांची कल्पना पुढे आणणाऱ्या रॉबर्ट हार्ट यांची, उंच झाडांपासून कंदांपर्यंत सात थरांची बाग इंग्लंडमध्ये श्रॉपशरला होती. तिथे सूर्य तिरपा, त्यामुळे सावली लांब पडते. उष्ण प्रदेशात ऊन डोक्यावरून येतं, दाटी जास्त चालते. टांझानियातल्या किलिमांजारो डोंगराच्या उतारावर तिथल्या चग्गा लोकांच्या बागांत उंच झाडांखाली केळी, केळीखाली कॉफी, तिच्याखाली कंद असतात. पण तिथेही खाली उजेड पोचावा लागतोच.

एक करून बघा. प्रत्येक झाड मोठं झाल्यावर केवढं पसरेल, त्याचं वर्तुळ फक्कीने जमिनीवर मारा. आंब्याला ३० फूट व्यास धरा.

बीज_वही
स्थानिक वनस्पतींबद्दल माझ्याकडून. त्यांना आधीपासून जागा नेमून देऊ नका. वर्षभर वही ठेवा: काय आपोआप उगवतं, कुठल्या महिन्यात, उन्हात की सावलीत. माझ्याकडे उत्तम वाढलेली तीन रोपं मी लावलेलीच नव्हती. इथल्या मधमाश्या आणि भुंगे त्यांना ओळखतात, फळझाडांनाही त्याचा लाभ होतो. पण खाण्याआधी पान, फूल, फळ तिन्ही बघून जाणत्या माणसाकडून खात्री करा. नुसत्या फोटोवर कधीच नाही. अळूसारखं ओळखीचं पानसुद्धा कच्चं असेल तर घसा धरतं, त्यात ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात.

अंगणातलं_रान
काल फक्की मारली. दोन आंबे आणि एक फणस, या तिघांच्याच वर्तुळांनी जवळजवळ सगळी जागा भरली, काही तर कुंपणाबाहेर गेली! एक आंबा पावसाच्या तोंडावर मैत्रिणीच्या मोकळ्या जागेत हलवते, दुसरा छाटून बारा फुटांवरच ठेवणार. शेवगे कापले, पाला लिंबाखाली गेला. पुठ्ठे अजून अर्ध्या जागेलाच पुरलेत.

कोयता_काका
हलवताना मातीचा गोळा फुटू देऊ नका आणि आधी निम्मी पानं कमी करा. उरलेल्या अर्ध्या जागेत रताळ्याचे वेल सोडा, पुठ्ठ्याचं काम ते करतील.