मदत हवी आहे: तपकिरी शेवाळ जाता जात नाही

घाईत_मासा
रीफ टँकमध्ये (खाऱ्या पाण्याचा, कोरलचा) तपकिरी शेवाळ माजलंय. सायफननं ओढून काढलं तरी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तेवढंच परत. दोनदा २० टक्के पाणी बदललं, उलट वाढलं. लाइट दहा तासांवरून सहावर आणला, ढिम्म फरक नाही. पॅरामीटर सगळे ओके आहेत. कोणतं औषध टाकू? नाव आणि डोस एवढंच सांगा, लेक्चर नको.

शून्य_टीडीएस
ओके म्हणजे किती? आकडे द्या. नायट्रेट, फॉस्फेट, टँक किती लिटर, किती महिन्यांचा, रॉक कोरडा टाकला होता की जिवंत (समुद्रातल्या जिवाणूंसकट). थर खडकावरही आहे की फक्त वाळूवर? सकाळी लाइट लागायच्या आधी कसं दिसतं? गोगलगायी मरतायत का?

निळी_बत्ती
काढलं की लगेच परत येतं म्हणजे डायनो (डायनोफ्लॅजेलेट, एकपेशी जीव). यूव्ही (समोरून जाणाऱ्या पाण्यातल्या पेशी मारणारा दिवा) लावा, विषय संपला. दर १० ते १२ लिटरना १ वॅट. पाणी टँकमधूनच ओढा आणि टँकमध्येच सोडा, संपमध्ये (टँकखालच्या फिल्टर टाकीत) लावलात तर पैसे पाण्यात. प्रवाह तासाला टँकच्या एक ते तीन पट, त्याहून जोरात नको.

स्किमरभक्त
न बघताच डायनो? टँक नवा असेल तर डायटम (सिलिकाचं कवच असलेलं एकपेशी शेवाळ) असतील. डीआय रेझिन (आरओ पाण्यात उरलेलं पकडणारा फिल्टर) संपत आला की सिलिका सगळ्यात आधी सुटते आणि टीडीएस मीटर तरीही शून्यच दाखवतो, कारण विरघळलेली सिलिका वीज जवळपास वाहूनच नेत नाही. आधी रेझिन बदला.

गोडं_पाणी
दोन सायामीज अल्गी ईटर सोडा. आठवड्यात काच लख्ख.

शून्य_टीडीएस
@गोडं_पाणी, धागा खाऱ्या पाण्याचा आहे. तुमचे मासे इथे संध्याकाळ बघणार नाहीत.

घाईत_मासा
२२० लिटर, ५ महिने, कोरडा रॉक. नायट्रेट ० आणि फॉस्फेट मीटरवर २ येतंय. फॉस्फेट जास्त दिसलं म्हणून रिअ‍ॅक्टरमध्ये जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) दुप्पट केलं, तरी हे आहेच. २० वॅटचा यूव्ही मागवलाय.

शून्य_टीडीएस
मीटरच्या स्क्रीनवर पीपीबी (अब्जात किती भाग) लिहिलंय ना? ते २ म्हणजे २ पीपीबी फॉस्फरस, फॉस्फेट नव्हे. त्याला ३.०६६ नं गुणा आणि हजारानं भागा: ०.००६ पीपीएम (दशलक्षात किती भाग). या मीटरची चूकच ५ पीपीबीच्या आसपास असते, म्हणजे तुमचं फॉस्फेट शून्य धरा. नायट्रेटही शून्य. असल्या उपाशी पाण्यात बॅक्टेरिया आणि हिरवं शेवाळ मागे पडतं आणि डायनोंना मैदान मोकळं मिळतं. जीएफओ आजच काढा. पाणी बदलणं थांबवा. कार्बन डोसिंग (नायट्रेट उतरवायला व्होडका-व्हिनेगर टाकणं) चालू असेल तर तेही बंद.

स्किमरभक्त
म्हणजे शेवाळ झालंय त्याला खत घाला? धन्य.

शून्य_टीडीएस
हो, खतच. लक्ष्य नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएम. एक लिटर आरओ पाण्यात ६० ग्रॅम सोडियम नायट्रेट विरघळवा. त्यातले १० मिली २२० लिटरमध्ये टाकले की नायट्रेट २ पीपीएमनं चढतं. दुसऱ्या बाटलीत एक लिटरला २.६ ग्रॅम ट्रायसोडियम फॉस्फेट, १२ पाण्याचे रेणू असलेलं. त्याच्या १० मिलीनं फॉस्फेट ०.०३ नं चढतं. निर्जल पावडर असेल तर १.१ ग्रॅमच घ्या, नाहीतर डोस दुपटीच्या वर जाईल. दोन्ही रोज, पण आधी टेस्ट करून.

फॉस्फेट आज टाकलं आणि उद्या परत शून्य आलं तर घाबरू नका. कोरडा रॉक ते ओढून घेतो. भरेपर्यंत टाकत राहायचं. नंतर केसाळ हिरवं शेवाळ उगवलं तर आनंद माना, ते गोगलगायी खातात.

खारेवारे
पोटॅशियम नायट्रेट चालेल का? पोटॅशियम वाढून कोरल जातात असं ऐकलंय.

शून्य_टीडीएस
चालेल. ५ पीपीएम नायट्रेटमागे जेमतेम ३ पीपीएम पोटॅशियम जातं, समुद्रात मुळातच ४०० च्या आसपास असतं.

बुडबुडा
एवढा खटाटोप कशाला? ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, दर ४० लिटरना १ मिली, रोज रात्री.

खारेवारे
क्लीनर श्रिंप (कोळंबी) असेल तर नको, पेरॉक्साइडला सगळ्यात आधी तीच बळी पडते. अवांतर: सायफन तोंडानं ओढू नका. ओस्ट्रिऑप्सिस (डायनोंचा एक प्रकार) असेल तर त्याचं विष पॅलिटॉक्सिन या जहाल विषाच्या कुळातलं असतं. ग्लोव्हज घाला, टँकमध्ये ताजा कार्बन (सक्रिय कोळसा) ठेवा. आणि ओढलेलं पाणी १० मायक्रॉनच्या फिल्टर सॉकमधून गाळून परत टँकमध्येच घाला, म्हणजे घाण निघते पण पाणी बदलत नाही.

शून्य_टीडीएस
घाईत_मासा, माझे तीन प्रश्न अजून तसेच आहेत. शिवाय मायक्रोस्कोप मिळवा. ड्रॉपरनं थर उचला, एक थेंब स्लाइडवर, वर कव्हरस्लिप, ४०० पट. नमुना ताजाच हवा, तासाभरात बघा. थेंबाच्या आकाराच्या पेशी टोकावर खिळल्यासारख्या गरगर फिरत असतील तर ओस्ट्रिऑप्सिस. न हलणारे हिरवट दोरे म्हणजे सायनो (सायनोबॅक्टेरिया). काचेच्या कवचाच्या होड्यांसारख्या दिसल्या तर डायटम, स्किमरभक्त जिंकले.

घाईत_मासा
बघितलं. चपट्या लंबगोल पेशी, एका टोकाला चोचीसारखं काहीतरी. सरपटल्यासारख्या पुढे जातात, गरगर कोणी फिरत नाही. थर फक्त वाळूवर, रॉक स्वच्छ आहे, ते सांगायचं राहिलं. सकाळी वाळू पांढरी असते. गोगलगायी ठणठणीत.

शून्य_टीडीएस
अँफिडिनियम, डायनोंचाच दुसरा प्रकार. हेच पहिल्या दिवशी विचारलं होतं. ओस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात उतरतो म्हणून यूव्हीत सापडतो. हा मोठ्या पेशीचा प्रकार रात्री वाळूत शिरतो, पाण्यात येतच नाही. म्हणून सकाळी वाळू पांढरी. यूव्हीचा काही उपयोग नाही, तीन दिवसांच्या ब्लॅकआउटनंही (लाइट पूर्ण बंद) तो वाळूत दडून बसतो.

नायट्रेट-फॉस्फेट वर सांगितल्याप्रमाणे, आणि जोडीला सोडियम सिलिकेट. सिलिका टेस्ट किट घ्या, १ ते २ पीपीएमवर ठेवा, बाटलीवरच्या तीव्रतेनुसार रोज थोडं थोडं चढवा. द्रावण फार अल्कली असतं. भरपूर आरओ पाण्यात पातळ करून वेव्हमेकरच्या झोतात सावकाश ओता, एकदम ओतलंत तर पांढरा साका बसतो. जीएफओ सिलिकेटही शोषतं, ते काढलंय ना? आठ-दहा दिवसांत वाळूवर नवा तपकिरी थर येईल, डायटमचा. तो सायफन करू नका, वाळू ढवळूही नका. तोच अँफिडिनियमची जागा बळकावतो.

स्किमरभक्त
शेवटी डायटम आलेच ना?

घाईत_मासा
म्हणजे तपकिरी घालवायला तपकिरीच आणायचं. बरं. यूव्ही आज आला, त्याचं काय करू?

निळी_बत्ती
खोका उघडला नसेल तर परत पाठवा.

घाईत_मासा
लावून झाला. संपमध्ये.