घोडेस्वारीच्या निवासी शिबिराला पाठवण्यापूर्वी काय पाहावे?

घोडबंदर रोड, ठाणे
नमस्कार. माझ्या ११ वर्षांच्या मुलीने मे महिन्यात कर्जतजवळ होणाऱ्या घोडेस्वारीच्या ५ दिवसांच्या निवासी शिबिराचा हट्ट धरला आहे. आजवर ती घोड्यावर बसली ती फक्त माथेरानला, आणि तेव्हाही घोडेवाल्याने लगाम हातातून सोडला नव्हता. आजोळ सोडले तर आमच्याशिवाय ती कोठे राहिलेलीही नाही. माहितीपत्रकात तरणतलावाचे आणि शेकोटीचे भरभरून वर्णन आहे, घोड्यांविषयी मात्र दोनच ओळी आहेत. पैसे भरण्यापूर्वी काय पाहावे?

ऐरोली
ताई, तुमची शंका रास्त आहे. गेल्या वर्षी माझा मुलगा अशाच एका शिबिराला गेला होता. तेथे सर्वांना एकाच मापाची हेल्मेट दिली होती; दुडक्या चालीत त्याचे हेल्मेट डोळ्यांवर येई आणि ते सावरायला त्याने एक हात काढला की लगाम ओढला जाऊन घोडा भलतीकडे वळे. सुदैवाने तो पडला नाही. म्हणून स्वतः जाऊन, मुलीला हेल्मेट घालून, हनुवटीखालचा पट्टा बांधून तिला मान हलवायला सांगा. तिला जाड शिवण नसलेली लांब विजार आणि थोडी टाच असलेले बूट द्या. सपाट तळाचा बूट रिकिबीत, म्हणजे पाय ठेवायच्या कडीत, पुढे सरकतो, आणि पडताना पाय त्यातच अडकला तर घोडा फरफटत नेतो.

तरीही यंदा मी त्याला दुसऱ्या एका शिबिराला पाठवणार आहे. गेल्या वर्षी पहिले दोन दिवस त्याची घोडी साफ करण्यासाठी खूर उचलू देत नव्हती. तिसऱ्या पहाटे खरारा करून, म्हणजे ब्रशने तिचे अंग घासून, झाल्यावर त्याने खांद्यापासून हात हळूहळू खाली नेला आणि तिने आपणहून पाय उचलला. घरी आल्यावर रपेटीच्याही आधी त्याने हेच सांगितले. तासाभराच्या रपेटीत हे घडत नाही, त्यासाठी मुक्कामच हवा.

खारघर
मी मुलांना घोडेस्वारी शिकवतो. खोगीर उतरवलेल्या घोड्याची पाठ अवश्य पाहा. तेथे ओल्या जखमा असतील तर तसेच परत या, कारण दुखऱ्या पाठीचा घोडा मुलाला पाडतो आणि त्यात दोष घोड्याचा नसतो. मे महिन्यातील रपेट सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच हवी. घोड्याला ओकारी होत नाही, त्यामुळे उन्हात पाणी कमी पडून पोटशूळ उठला, तर तो जिवावर बेतू शकतो. ज्यांना ही काळजी नाही, ते मुलांची काय घेणार? नवशिक्या मुलाला आधी बंद रिंगणात, प्रशिक्षकाने लांब दोरीने धरलेल्या घोड्यावर फिरवतात का, हेही विचारा. धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांशी बोला, कारण त्याचे जंतू लिदीत आणि मातीत असतात.

नेरूळ
रात्री मुलींच्या खोलीत महिला कर्मचारी झोपते का आणि अडीअडचणीला लागणारी गाडी चालकासह आवारातच थांबते का, हे लेखी घ्या.

घोडबंदर रोड, ठाणे
सर्वांचे मनापासून आभार. रविवारी मुलीला घेऊन जाणार आहोत आणि आधी तबेलाच पाहणार आहोत.