शब्दचर्चा : जेसीबी कोणत्या कंपनीचा?

प्रश्न : औसा तालुक्यात शेततळं खोदून घेतलं. बिलावर लिहिलंय ‘जेसीबी, ९ तास’. यंत्रावर मात्र दुसऱ्याच कंपनीचं नाव. चालकाला विचारलं तर म्हणला, “जेसीबीच हाय की, फक्त दुसऱ्या कंपनीचा.” हे बरोबर धरायचं का? मूळ कंपनी गप्प कशी बसते?

उत्तर : चालकाचं बरोबर आहे. जेसीबी ही जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांची आद्याक्षरं. १९४५ साली त्यांनी इंग्लंडात कंपनी काढली. आपल्याकडं मात्र पुढं बकेट, मागं खोदायचा हात आणि चार चाकं असलं की तो जेसीबी. चेनवर चालतं ते पोकलेन. हेही मुळात फ्रान्समधल्या कंपनीचं नाव, पण ते कुणाच्या ध्यानातही नाही. गंमत म्हणजे जेसीबी कंपनी चेनवरची यंत्रंही बनवते, तेव्हा आपण बिनदिक्कत ‘जेसीबीचं पोकलेन’ म्हणतो!

कंपन्या गप्प नसतात. पण शेतकऱ्याचं तोंड धरता येत नाही, म्हणून त्या छापील मजकुराच्या मागं लागतात. झेरॉक्सनं अमेरिकेत जाहिराती देऊन विनवलं : आमचं नाव क्रियापद म्हणून वापरू नका, ‘फोटोकॉपी’ म्हणा. कंपन्या स्वतःही आपल्या नावापुढं वस्तूचं नाव जोडतात, ‘झेरॉक्स मशीन’ असं, म्हणजे नाव विशेषण राहतं, त्या वस्तूचंच सामान्यनाम होत नाही. इथंच ओटिस कंपनी फसली. सरकत्या जिन्याला ‘एस्कलेटर’ हे नाव तिचंच, पण तिनं स्वतःच ते जाहिरातींत सर्रास सामान्यनामासारखं वापरलं. १९५० साली अमेरिकेत त्या नावावरचा हक्क गेला.

भर : मराठीत ते विशेषणाचं पथ्य टिकणं अवघड. आपण शब्द घेतला की आधी त्याला लिंग चिकटवतो. झेरॉक्स ‘काढली’, कारण मनात ‘प्रत’ असते. बिसलरी ‘घेतली’, कारण बाटली. तहसीलसमोर “आधारच्या दोन झेरॉक्स जोडा” म्हणतात, तेव्हा मशीन कुणाचं हे कोण बघतं? माझ्या मते लिंग मिळालं की शब्द आपला झाला, कोर्ट काहीही म्हणो.

प्रश्नकर्ता : मग पोकलेन आला की आलं? आमच्या घरात दोन्ही चालतं. बिलावर तरी काय लिहून घेऊ?

उत्तर : ‘खोदकाम, ९ तास’.